ऊब आणि हिशेब

थंडी सर्वांना सारखीच वाजते, असे आपण म्हणतो; पण ते खरे नाही. तरुण अंगाला जी थंडी गुलाबी वाटते, तीच वृद्धाच्या हाडांत शिरून बसते. आमच्या नाशिककडे पौष महिन्यात हा फरक घरोघर दिसतो. जवळच्या निफाडला तर पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

माझ्या आईने नव्वदी ओलांडली आहे. तिच्या खोलीसाठी मी विजेवर चालणारा हीटर आणला. पहिल्याच रात्री तिने विचारले, "अरे, हे किती वीज खातं?" शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रश्न टाळता येत नाही. मी हिशेब मांडला. हीटर 2000 वॉटचा, म्हणजे तासाला 2 युनिट. रात्रीचे 8 तास तो अखंड चालला तर 16 युनिट आणि 30 रात्रींचे 480! आकडा ऐकताच आईने हीटर बंद करावयास लावला आणि "मला मुळीच थंडी वाजत नाही," असे जाहीर केले. तिचे हात मात्र बर्फासारखे गार होते.

काटकसरीपायी तिने कुडकुडत राहावे, हे मला पटेना. याहून महाग हीटर कमी विजेत अधिक ऊब देतो, असे एका दुकानदाराने सांगितले. परंतु निसर्गाच्या दरबारी अशी सवलत नसते. तारेतून वाहणाऱ्या विजेपासून किती उष्णता निर्माण होते, याचा नियम इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी 1841 साली मांडला. तारेने तापणारा हीटर स्वस्त असो वा महाग, घेतलेल्या जवळजवळ सर्व विजेची तो उष्णताच करतो. एका युनिटाची ऊब सगळ्यांकडून सारखीच मिळते.

मग ती ऊब जाते कोठे? हीटर प्रामाणिक होता. उधळे होते ते आमचे घर! मी एक उदबत्ती पेटवून खिडक्या-दारांपाशी फिरवली. जेथे धुराची रेघ थरथरली, तेथे फट सापडली. फटींत चिंध्या बसवल्या, खिडकीला जाड पडदा लावला आणि आईची खाट बाहेरच्या भिंतीपासून दूर सरकवली. मोकळ्या हवेसाठी वरचा झरोका तेवढा किंचित उघडा ठेवला.

शेवटी आठवण झाली ती आईनेच शिवलेल्या गोधडीची. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या देहातून सुमारे 100 वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. आपलीच उष्णता ती आपल्यापाशी राखून ठेवते आणि त्याचे बिल येत नाही.

आता निजण्यापूर्वी एक तास आणि पहाटे एक तास हीटर चालतो. रात्रीला 4 युनिट, महिन्याला 120. हा हिशेब आईला मान्य झाला आणि तिच्या हातांनाही. घरातील सर्वांत अशक्त जिवाला ऊब मिळाली पाहिजे. ती देताना हात आखडू नये. आखडायचेच असेल, तर जेथून ती निसटून जाते त्या फटींपाशी.