सावलीतला रंग कोणाचा?

जुन्या स्लाइड स्कॅन केल्या की पहिली तक्रार सावल्यांबद्दल येते. झाडाखालचा अंधार निळसर दिसतो, नाहीतर तांबूस, आणि बहुतेक जण ‘ऑटो’चं बटण दाबून मोकळे होतात. ते बटण चित्रातली सर्वांत काळी जागा हुडकतं आणि ती रंगहीन असलीच पाहिजे असं धरून चालतं. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे. सावलीत रंग तीन वाटांनी येतो: त्या वेळच्या उजेडातून, फिल्म विटल्यामुळे आणि स्कॅनरमधून. पहिला चित्राचा आहे, तो राखायला हवा. दुरुस्ती करायची ती उरलेल्या दोघांची.

उन्हाच्या दिवशी सावलीत सूर्य पोचत नाही. तिथला उजेड बराचसा निळ्या आकाशाचा असतो. डेलाइट फिल्म साधारण 5500 केल्विनच्या उजेडासाठी बेतलेली, त्यामुळे सावलीतलं पांढरं धोतर तिच्यावर निळसर उमटणारच. विटण्याची गोष्ट निराळी. स्लाइडमध्ये जिथे काळोख, तिथे रंगद्रव्य सर्वांत जास्त. जुन्या एक्टाक्रोम फिल्ममधलं सायन द्रव्य डब्यात नुसतं पडून राहिलं तरी उडत जातं. ते सगळीकडे सारख्या टक्क्याने उडालं असं मानलं, तरी जिथे साठा मोठा तिथली तूटही मोठी. सायन लाल उजेड अडवतं, म्हणून त्याच्या तुटीची लाली सावल्यांत ठळक आणि ढगांत जेमतेम असते. अशा चित्रावर एकच स्लायडर ओढला, तर सावल्या सुधारेपर्यंत ढगांवर सायनची झाक चढते. प्रत्येक चॅनेलचा कर्व्ह वेगळा वाकवावा लागतो, तो यासाठी.

किती वाकवायचा, हे फिल्मच सांगते. स्लाइड माउंटमधून काढली की चित्राच्या कडेला उजेड न लागलेली काळी पट्टी दिसते. हा त्या फिल्मचा स्वतःचा काळा; आकाशाचा निळा उजेड तिथे पोचलेलाच नाही. समजा, स्कॅनमध्ये या पट्टीवर लाल 31, हिरवा 14 आणि निळा 15 असे आकडे आले, तर लालमधली वाढ दृश्याची नव्हे, विटण्याची किंवा स्कॅनरची. तेवढी काढल्यावरही झाडाखाली निळं उरलं, तर ते आकाशाचं. एक खबरदारी मात्र हवी. माउंटखाली झाकलेल्या पट्टीला प्रोजेक्टरचा दिवा लागलेला नसतो. अंधारात टिकाऊ असलेलं कोडाक्रोम त्या दिव्याखाली लवकर विटतं. तेव्हा वारंवार दाखवलेल्या स्लाइडला पट्टीची साक्ष अपुरी पडते. शिवाय लाइट-टेबलवर ठीक दिसणाऱ्या कोडाक्रोमच्या सावल्या अनेक स्कॅनर निळ्या करतात, कारण त्याची रंगद्रव्यं इतर स्लाइडफिल्मपेक्षा वेगळी आहेत. तिथे कोडाक्रोमच्याच कॅलिब्रेशन स्लाइडवरून बनवलेलं प्रोफाइल लागतं.

सावल्या उजळण्याचा मोहही आवरावा. 3.0 घनतेतून उजेडाचा हजारावा भागच पार होतो. 16 बिटच्या रेषीय नोंदीत 65,536 पायऱ्यांपैकी जेमतेम 65 पायऱ्या या जागेच्या खाली उरतात. स्कॅनरचा नॉइजही तिथेच असतो. तेवढ्यातून ओढून काढलेला तपशील अनेकदा रंगीत रवाच असतो.

यावर कुणी म्हणेल, डोळा सावलीशी जुळवून घेतो, तिथे उभ्या असलेल्या माणसाला निळं जाणवत नाही, मग ते ठेवायचं कशाला? डोळा जुळवून घेतो हे खरं. पण एकाच चौकटीत ऊन आणि सावली शेजारी असली की उन्हाचा पिवळेपणा त्या निळ्यामुळेच उठतो. निळं पुसलं की ऊन फिकं पडतं. रघुबीर सिंग यांच्यासारखा छायाचित्रकार स्लाइडफिल्म वापरत असे, तेव्हा तिचे हे गुण हिशेबात धरूनच वापरत असे. घरच्या शेकडो स्लाइडना एवढा वेळ कोण देणार, हा दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पण एका रोलच्या, एकाच डब्यात राहिलेल्या स्लाइड सहसा सारख्याच विटतात. एकीच्या पट्टीवरून बसवलेला कर्व्ह बाकीच्यांना लावता येतो, आणि प्रोजेक्टरवर जास्त चाललेल्या चार-दोन तेवढ्या वेगळ्या काढाव्या लागतात.