हात थरथरतो? थरथरू दे की!

एसएमडी सोल्डरिंगचं नाव काढलं की लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, ते काम फॅक्टरीतलं मशीनच करू जाणे. दोन, घरी करायचं तर हात दगडासारखा स्थिर हवा. मंडळी, दोन्ही थापा आहेत!

घाबरवतो तो आकार. एसएमडी पार्टचे पाय भोकातून आरपार जात नाहीत, बोर्डाच्या वरच्या वरच चिकटतात. त्यातला '०८०५' रेझिस्टर २ मिमी लांब आणि सव्वा मिमी रुंद, म्हणजे तिळापेक्षा लहान. '०४०२' तर १ मिमी, जवळपास खसखशीचा दाणा. तो शिंकेसरशी उडतो, त्यामुळे नवशिक्यांनी ०८०५ पासूनच सुरुवात करावी.

आमच्या बाबांनी मात्र हे पार्ट बघूनच हात टेकले होते. ऐंशीच्या दशकात बुधवार पेठेतून सुटे भाग आणून त्यांनी कितीतरी सर्किट्स जोडली. साठी ओलांडल्यावर हात थोडा थरथरायला लागला, नजरही आधीसारखी राहिली नाही. सोल्डरिंग आयर्नचा डबा माळ्यावर गेला. "आता सगळं मुंगीएवढं झालंय, आमचं काम संपलं," म्हणायचे. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच जास्त लागायचं.

दिवाळीत मी सरावाचं एक एसएमडी किट मागवलं. एक ५५५, एक ४०१७ आणि ओळीने पेटणारे दहा एलईडी. ५५५ बघून बाबांचे डोळे चमकले. ही चिप १९७२ साली बाजारात आली, त्यांच्या सगळ्या सर्किट्समध्ये असायची. फरक एवढाच, की तेव्हा दोन पायांतलं अंतर २.५४ मिमी होतं, इथे बरोब्बर निम्मं, १.२७.

खरी गंमत पुढे आहे. वितळलेलं सोल्डर तांब्याला धरतं, बोर्डाच्या हिरव्या थराला धरत नाही. पृष्ठताणामुळे ते आपणहून पायांकडे ओढलं जातं. अट एकच, धातूवरचा ऑक्साइडचा थर निघाला पाहिजे. ते काम फ्लक्सचं, म्हणजे मुळात आपल्या राळेचं. बारकाईचं काम सोल्डर करतं, हातानं फक्त उष्णता पोचवायची.

पद्धतही सोपी आहे. आधी एकाच पॅडवर थोडं सोल्डर लावा. चिमट्यानं पार्ट धरा, ते सोल्डर पुन्हा वितळवा आणि पार्ट आत सरकवा. आता तो जागचा हलत नाही. मग दुसरी बाजू निवांत करा. आयसी असेल तर आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय पक्के करा, भरपूर फ्लक्स लावा आणि बाकीच्या पायांवरून टोक अलगद ओढत न्या. दोन पाय जोडले गेले तर तांब्याची जाळीदार पट्टी वरून तापवा, जास्तीचं सोल्डर ती शोषून घेते.

बाबांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, मनगट पुस्तकावर ठेवलं, डोळ्यांसमोर स्टँडवालं भिंग. हात थरथरत होताच. पण चिप एकदा कोपऱ्यांत धरल्यावर त्या थरथरीला कोण विचारतंय? दीड तासात दहाही एलईडी धावायला लागले. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा माळ्यावर परत गेला नाही, एवढंच.

तुम्हाला करायचं असेल तर बारीक टोकाचं, तापमान ठरवता येणारं आयर्न, अर्धा मिमी जाडीचं सोल्डर, फ्लक्स, चिमटा आणि भिंग एवढं पुरे. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत एक चक्कर मारा. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसं नसलेल्याला साधारण २१७ लागतात, त्यामुळे शिकायला पहिलं सोपं. पण त्यात शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावू नका.

आणि घरात कुणी "आमचं काम संपलं" म्हणत असेल, तर किट दोघांसाठी मागवा.