भावाच्या नखातलं ग्रीस

गावाकडून मावशीचा फोन आला की आई एक गोष्ट हमखास फिरवून सांगायची. “धाकटा काय करतोय गं सध्या?” असं मावशीनं विचारलं, की आई म्हणायची, “इंजिनिअरिंगचं करतोय.” आणि लगेच पावसाचा विषय काढायची.

खरं तर माझा भाऊ चेन्नईतल्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये अवजड यंत्रांची देखभाल-दुरुस्ती शिकत होता. जेसीबी, पोकलेन, डंपर, रोलर. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि संध्याकाळी नखांत काळं ग्रीस घेऊन यायचा.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळचे. तिकडची कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामासाठी देशभर पसरली. आमचे आण्णा तसेच सोळाव्या वर्षी इथल्या सौकारपेटेत आले. भट्टी, मूस आणि तेजाब यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. बोटांवर डाग, मनगटावर भाजल्याच्या खुणा. त्यांचं एकच म्हणणं होतं, “माझं हात काळं झालं, पोरांचं होऊ देणार नाही.”

मी बीए इंग्लिश करून कंटेंट रायटर झाले, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. भावानं बारावीनंतर बीकॉम नको म्हणून सांगितलं, तेव्हा ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मी तरी कुठे वेगळी होते? ‘बारावीनंतर काय?’ या विषयावर मी पैसे घेऊन डझनभर लेख लिहिले होते. त्यातल्या एकातही हे काम नव्हतं. मी भावाला म्हणाले, “अरे, गॅरेजमध्येच जायचंय तर कॉलेज कशाला?”

तो म्हणाला, “ताई, तू एकदा माझं पुस्तक तरी बघ.”

पुस्तक म्हणजे यंत्राचं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल. वर्गात शिकवायचे तमिळमध्ये, पुस्तक इंग्रजीत आणि हा घरी विचार करणार मराठीत. मग रोज रात्री जेवणानंतर मी वाचायचे, तो ऐकायचा आणि मराठीत लिहून घ्यायचा. माझी डिग्री घरात पहिल्यांदा कामाला आली ती अशी!

तेव्हा मला कळलं की या यंत्रांचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. इंजिन किती तास चाललं ते मीटरवर दिसतं आणि त्याप्रमाणे २५०, ५००, १००० तासांना कुठलं तेल, कुठला फिल्टर बदलायचा ते ठरलेलं असतं. रोज काम सुरू करण्याआधी यंत्राभोवती एक पूर्ण फेरी मारायची. तेल गळतंय का, नट सैल आहे का, पिनांना ग्रीस आहे का, सगळं बघायचं. हायड्रॉलिक तेलात बारीक धूळ गेली तरी लाखोंचा पंप हळूहळू निकामी होतो.

एक गंमतही कळली. आपण मराठीत ‘पोकलेन’ म्हणतो, तसंच इथले तमिळ लोकही म्हणतात. हे नाव ‘पोक्लेन’ या फ्रेंच कंपनीचं. सांगलीचा शेतकरी आणि चेन्नईचा कंत्राटदार, दोघांच्या तोंडी एकच शब्द!

आणि कामाचं म्हणाल, तर चेन्नईत मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं मोठं काम काढलेलं आहे. रोज ऑफिसला जाताना पत्र्याच्या आड चाललेल्या खोदकामावर मी चिडायचे. ती यंत्रं बंद पडली तर कोणाला बोलावतात, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

एका रात्री आम्ही हायड्रॉलिक पाइपवरचं पान वाचत होतो. आण्णा शेजारीच टीव्ही बघत होते. मी वाचलं, ‘गळती कधीही हाताने तपासू नये.’ भावानं समजावून सांगितलं, “पाइपला सुईएवढं भोक असलं तरी तेल इतक्या दाबानं सुटतं की कातडी भेदून आत घुसतं. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो. पण लगेच ऑपरेशन केलं नाही तर बोट, कधी हातसुद्धा जातो. म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं आणि आपण लांब राहायचं.”

टीव्हीचा आवाज बंद झाला.

“हे शिकवतात तुमच्यात?” आण्णांनी विचारलं.

“पहिल्याच महिन्यात, आण्णा.”

आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमास्नी कुणी शिकवलं न्हाई. तेजाब टाकल्यावर लालसर धूर येतो, तवा तोंड बाजूला घ्यायचं असतं, ते मला दोन वरसं खोकल्यावर कळलं.”

इतकी वर्षं आम्ही त्यांचा खोकला ऐकत होतो. तो कुठून आला, हे त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. आण्णांची भीती काळ्या हातांची नव्हतीच. काही न शिकवता, काही न सांगता आपल्याला जसं भट्टीपुढं बसवलं, तसं पोराचं होऊ नये, ही ती भीती होती.

दुसऱ्या दिवशी बेसिनवर साबणाशेजारी एक छोटा, ताठ केसांचा ब्रश दिसला. आण्णा दुकानात हात घासायला वापरतात तसाच, पण नवा कोरा. कोणी कोणाला काही बोललं नाही. भाऊ संध्याकाळी आला आणि त्याच ब्रशनं नखं घासत बसला.

त्याचा कोर्स आता संपत आलाय. पुढे नोकरी कशी लागेल, उन्हातान्हात किती राबावं लागेल, याची काळजी आम्हाला आहेच. पण परवा मावशीचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, “पोकलेन दुरुस्त करायला शिकतोय. लई अवघड असतंय म्हणं ते.” आणि पावसाचा विषय तिनं काढला नाही.

तुमच्याही घरात कोणी असं वेगळं काही शिकत असेल, तर नको म्हणण्याआधी एकदा त्याचं पुस्तक त्याच्यासोबत बसून वाचा. मी ते फार उशिरा केलं.