संगणकाचा मंदपणा

घरातील संगणक मंद चालू लागला म्हणजे त्याच्या वयाकडे बोट दाखवावयाचे, अशी चाल सर्वत्र पडली आहे. यंत्र बारा वर्षांचे झाले, आता त्याच्याकडून अपेक्षा ती काय करावयाची, असे म्हणून मंडळी सुस्कारा टाकतात आणि नव्या यंत्राच्या किमती पाहू लागतात. हा तर्क माणसाच्या वार्धक्यावरून बांधलेला असावा. परंतु तो मुळातच लंगडा आहे. ज्या सिलिकनच्या तुकड्यावर संगणकाचा सारा व्यवहार चालतो, त्याला संधिवात होत नाही. 2012 साली तो एका सेकंदात जितक्या बेरजा करीत होता, तितक्याच आजही करू शकतो. मग यंत्र मंदावते ते कशाने? या प्रश्नाचा छडा लावण्यात आमचा 2024 चा बहुतेक श्रावण गेला. आणि त्या खटाटोपात जे हाती आले ते निव्वळ वेगापेक्षा मोलाचे होते, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या यंत्राची जातकुळी सामान्यच. 2012 च्या दिवाळीत ते पार्ल्याच्या घरी आले, तेव्हा त्यात चार गिगाबाइट रॅम आणि पाचशे गिगाबाइटची हार्ड डिस्क होती. अलीकडे त्याची कळ दाबल्यापासून पहिले अक्षर लिहिता येईपर्यंत साडेचार मिनिटे लागत. घड्याळ लावून मोजलेली ही मिनिटे आहेत. संतापाच्या भरात वाढवून सांगितलेली नव्हेत.

अशा वेळी घरोघर जे उपचार चालतात त्यांची गंमत वाटते. माउसचे उजवे बटण दाबून 'रिफ्रेश' करावयाचे, आणि तेही एकदा नव्हे तर जपमाळ ओढावी तसे लागोपाठ, हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय होय. या क्रियेने पडद्यावरील चित्रे पुन्हा एकवार काढली जातात, याखेरीज काहीही घडत नाही. उलट बिचाऱ्या यंत्रास एक जादा काम मात्र लागते. वेग वाढवून देतो म्हणणारी जी फुकट सॉफ्टवेअरे मिळतात, त्यांची योग्यता दारावर टांगलेल्या लिंबू-मिरचीहून अधिक नाही. आणि लिंबू-मिरची निदान विजेवर तरी चालत नाही. आमचा भाचा या विद्येत वाकबगार. तो म्हणाला, "मामा, फॉरमॅट मारा, नाहीतर भंगारात द्या." ज्या दुरुस्तीवाल्याकडे विचारणा केली त्यानेही यंत्र न उघडताच हेच दोन उपाय त्याच क्रमाने सांगितले. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरील सर्व पुसून पाटी कोरी करणे. रोग्याला आधी विस्मृती आणावयाची आणि मग तो बरा झाला असे जाहीर करावयाचे, असा हा वैद्यकाचा प्रकार आम्हांस पसंत पडला नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर नावाचा तक्ता उघडतो. संगणकातील कोण किती राबत आहे याची ती हजेरीवही आहे. आणि घरातील कोणीही ती वाचू शकतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमच्या वहीत प्रोसेसरचे काम शंभरात सात होते, रॅम शंभरात अठ्ठ्याऐंशी भरली होती, आणि डिस्कच्या रकान्यात शंभराचा आकडा ठाण मांडून बसला होता. याचा अर्थ असा की ज्याला आपण म्हातारा म्हणून नावे ठेवीत होतो तो प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसून होता. तो थकलेला नव्हता. तो खोळंबलेला होता.

हा खोळंबा केवढा असतो, त्याची कल्पना साध्या गणिताने येते. प्रोसेसरचे सेकंदाला सुमारे तीन अब्ज ठोके पडतात. हार्ड डिस्कमध्ये मात्र खरोखरीची तबकडी मिनिटाला 7,200 वेळा फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीकसा हात पुढेमागे सरकत असतो. हवी ती जागा गाठावयास हाताला नऊ-एक मिलिसेकंद आणि तबकडीचा तो भाग हाताखाली यावयास सरासरीने आणखी चार, असे तेरा मिलिसेकंद लागतात. आता प्रोसेसर हा एक कारकून आहे आणि त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद, असे समजा. रॅममधील कागद आणावयास त्याला पाचेक मिनिटे लागतील. ते शेजारच्या खोलीतील कपाट झाले. परंतु हार्ड डिस्कवरचा कागद मागविला, तर तो आणावयास गेलेला शिपाई सव्वा वर्षाने परत येईल! आणि संगणक सुरू होताना असे हजारो कागद लागतात. जेथे फिरती तबकडीच नाही, अशा एस. एस. डी. नावाच्या नव्या डिस्कवर हीच फेरी साडेतीन दिवसांत पुरी होते. आमच्या सबंध दुखण्याचे मर्म या दोन आकड्यांत सामावले होते.

पण हीच डिस्क 2012 साली कुरकुरत नव्हती, ती आताच का, असे कोणी विचारील. कारण कागदांची मागणी वाढली. यंत्र सुरू होताच आपोआप जागी होणारी चौदा सॉफ्टवेअरे आम्ही मोजली. त्यांत जो प्रिंटर घरातून गेल्याला सहा वर्षे झाली, त्याचा सेवकही रोज पहाटे उठून धन्याची वाट पाहत होता. रॅम भरली म्हणजे संगणक तिच्यातील जिन्नस तात्पुरते डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागतील तसे परत आणतो; म्हणजे त्याच शिपायाला पुन्हा हेलपाटे. खेरीज सॉफ्टवेअरचे अंगही दिवसेंदिवस स्थूल होत गेले आहे. विंडोज 95 ला किमान चार मेगाबाइट रॅम पुरे होत असे. विंडोज 11 ला किमान चार गिगाबाइट लागते, म्हणजे हजारपटींहूनही जास्त. निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने 1995 सालीच गाऱ्हाणे मांडले होते की, यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होत आहेत त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत आहे. विर्थ 2024 च्या पहिल्या दिवशी निवर्तले. त्यांच्या गाऱ्हाण्याची दाद शेवटपर्यंत कोणी घेतली असे दिसत नाही.

निदान झाले, तेव्हा नवी एस. एस. डी. आणून जुनीच्या जागी बसवावी आणि मोकळे व्हावे, असा बेत होता. परंतु जुन्या डिस्कवर काय काय आहे ते पाहत असता 'जुने घर' या नावाचा एक फोल्डर आढळला. त्यात आमच्या मातोश्रींनी लिहिलेली एकशे चाळीस पाने होती. गुहागरकडील त्यांचे माहेर, तेथील माणसे, सुपारीची बाग, चुलत्यांमधील वाटण्या असे सर्व त्यांनी 2014 पासून पुढे दोन वर्षे दुपारच्या वेळी बसून स्वतः टंकलिखित केले होते. त्या काहीतरी लिहीत असतात एवढेच घरात ठाऊक होते. विचारले तर "पुरे झाल्यावर दाखवीन" म्हणत. 2019 साली त्या गेल्या. त्या लेखनाची दुसरी प्रत कोठेही नव्हती. फॉरमॅटचा सल्ला एका दुपारचे काम होता, हे ध्यानात आल्यावर आम्ही काही वेळ त्या यंत्रापुढे नुसते बसून राहिलो.

याहून चिंतेची गोष्ट पुढेच होती. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची एक नोंद स्वतःच ठेवीत असते. तिला 'स्मार्ट' म्हणतात आणि ती वाचून दाखविणारी साधने फुकट मिळतात. डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क ती सोडून देते आणि राखीव जागांपैकी एक तिच्या बदली घेते. अशा बदल्यांचा आकडा आमच्या डिस्कवर सोमवारी आठ होता आणि शनिवारी एकेचाळीस. आकडा स्थिर असता तर गोष्ट निराळी. तो चढत होता, आणि चढता आकडा म्हणजे चढता ताप होय. अशा डिस्कवर डिफ्रॅगमेंट किंवा दुसरी कसलीही 'सफाई' चालवू नये. त्यात तिला सबंध अंग घुसळावे लागते आणि उरलेले श्वास त्यातच संपतात. प्रथम प्रत घ्यावी. वेग वगैरे सर्व मागाहून. आम्ही पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, म्हणजे जुन्या डिस्कवर विंडोजकडून एक अक्षरही लिहिले जाऊ नये, आणि 'डीडीरेस्क्यू' या साधनाने सबंध डिस्कची प्रत बाहेरच्या नव्या डिस्कवर काढली. या साधनाचे शहाणपण असे की, ते निरोगी भाग आधी उचलून सुरक्षित करते आणि दुखऱ्या जागांशी झगडावयास शेवटी येते. रात्रभर तो उद्योग चालला होता. मधूनमधून डिस्कमधून नखाने टिचकी मारल्यासारखा आवाज येई आणि झोपमोड होई. सकाळी पाहिले तो दोन लहानशा जागा वाचता आल्या नव्हत्या. त्यांत 'जुने घर' नव्हते.

पुढचे काम हाताला सोपे होते. लॅमिंग्टन रोडवर एस. एस. डी. दोन हजारांच्या आत मिळाली. जुन्या जातीची चार गिगाबाइट रॅम तेथेच वापरलेली, पण निर्दोष अशी मिळाली. जुन्या रॅमच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवून ते स्वच्छ केले. पेटी उघडल्यावर पंख्यावर धुळीची जी गादी निघाली तिचे वर्णन न करणे बरे; हवा कोंडून प्रोसेसर तापला की तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवितो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मदरबोर्डवरील रुपयाएवढा सेल बदलला. तो संपल्यामुळे यंत्र दर खेपेस स्वतःला कित्येक वर्षे मागच्या तारखेस समजे, आणि मग बँकेची संकेतस्थळे त्याला दारात उभे करीनात. कारण त्यांची प्रमाणपत्रे त्याच्या लेखी अजून जन्मलेलीच नव्हती. साडेचार मिनिटांचे अठ्ठावीस सेकंद झाले. भाचा येऊन पाहून गेला. काही बोलला नाही.

विंडोज 10 ची नित्याची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. विंडोज 11 ला साधारणपणे 2017 नंतरचा प्रोसेसर आणि टी. पी. एम. 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्या यंत्रात दोन्ही नाहीत. तेव्हा त्या दिवसापासून ते लिनक्स मिंटवर चालते. धडधाकट यंत्रास अशा अटी घालून पंक्तीतून उठविणे आम्हांस अन्यायाचे वाटते. मात्र मिंटशी घरच्यांचे सूत जमावयास पंधरा दिवस गेले, हेही नमूद केले पाहिजे.

राहता राहिली ती एकशे चाळीस पाने. ती भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर उघडली, तो तेथे मराठीचे एक अक्षर दिसेना. सारा रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. मातोश्रींनी छपाईचा व्यवसाय करणाऱ्या एका स्नेह्याकडून मिळालेला जुन्या पद्धतीचा फाँट वापरला होता. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच असतात. फाँट त्यांना देवनागरीचे सोंग देतो. फाँट गेला की सोंग उतरले. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला तिच्या हक्काचे क्रमांक मिळाले होते. पण छापखान्यांतून जुने फाँट पुढे कित्येक वर्षे नांदत राहिले. विर्थ यांच्या गाऱ्हाण्यावर आमची मान डोलते खरी, तरी येथे थोडे थबकावे लागते. चार मेगाबाइटच्या त्या सडपातळ यंत्रांना मराठी येत नव्हती. आज हातातल्या फोनवरही शुद्ध जोडाक्षरे उमटतात. सॉफ्टवेअरच्या वाढलेल्या वजनातील काही मांस असे आपल्या कामी आलेले आहे.

फाँटची फाइल जुन्या डिस्कच्या प्रतीत सापडली. तिच्यामुळे सर्व पाने प्रथम पी. डी. एफ.च्या रूपाने पक्की केली. मग ती युनिकोडमध्ये उतरविण्यास आरंभ केला. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर आहे आणि ते दोन क्षणांत काम उरकते. परंतु जुन्या पद्धतीत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या मागून साठविलेला असे, त्याची उलथापालथ करताना ते ठेचकाळते. सर्वांत जास्त ते ठेचकाळते आमच्या मराठीच्या खास अर्ध्या ऱ्यावर. 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे दिले असे मातोश्रींनी लिहावे आणि यंत्राने ते 'आचार्यांना' पोहोचवावेत! त्यातही 'दऱ्या' आणि 'दर्या' यांचे काही केल्या जमत नाही. मातोश्रींच्या माहेरच्या घरामागे डोंगर, त्यात दऱ्या. पुढे अंगणातून उतरले की दर्या. मुले संध्याकाळी कोठे जाऊन बसत, ते वाक्य संबंध पाहून दर वेळी ठरवावे लागते. रोज दोन पाने या मानाने काम चालते. सध्या त्रेसष्टाव्या पानावर आहोत.