चाकणच्या कोटांत अर्धा तास

गतवर्षीं आल्प्सच्या पायथ्याशीं वसलेल्या साल्झबर्ग शहरीं आम्ही सहकुटुंब एक दिवस उतरलों होतों. १०७७ सालीं बांधावयास घेतलेला तेथील डोंगरी किल्ला पाहून मुलें हरखलीं. परवां शिवनेरीस जातांना चाकणला, कारखान्यांच्या गजबजाटांत, मोटार थांबवून आम्हीं त्यांना संग्रामदुर्ग दाखविला. तट बहुतेक ढासळलेला. "यांत पाहावयाचें काय?" धाकट्यानें विचारलें. तेव्हां १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं या भुईकोटांतून शाइस्तेखानाची अफाट फौज पन्नासांवर दिवस कशी थोपविली, सुरुंगानें बुरूज उडाल्यावरहि मावळे कसे झुंजले, तें सांगितलें. धाकटा दगडांवरून हळूच हात फिरवूं लागला. पुण्याहून दहा कोसांवरचें हें स्थळ सोडून आधीं साता समुद्रांपलीकडे धांवलों, याची लाज मात्र आम्हांसच वाटली.