जुनी होडी

परळच्या आमच्या दोन खोल्यांत होडीचा विषय निघाला, तेव्हा वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पासबुक पुढे ठेवले. दादांच्या निवृत्तीच्या पैशांतून कुटुंबासाठी जुनी मोटारहोडी घ्यायची होती.

जहाजांच्या मोडीसाठी नाव मिळवलेल्या रे रोडच्या दारूखान्यात एका इंजिनाची किंमत ऐकून दादा सुखावले. भाऊच्या धक्क्यावरच्या वृद्ध तांडेलाने मात्र समजावले, "दादा, रंगावर जाऊ नका. पावसाळ्यात होडी वर ओढलेली असते, तेव्हा तिचा तळ पाहा."

त्या बोलण्यात शहाणपण होते. कीड लागलेली फळी वरून धड दिसते. चाकूचे टोक टोचले की ती पोकळ असल्याचे कळते. खाऱ्या पाण्याने थंड होणारे इंजिन प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतले नाही, तर आत मीठ साचते. नोंदणीचे कागद विकणाऱ्याच्या नावे नसतील, तर स्वस्त होडीही महागच पडते.

म्हणजे खरी किंमत विकत घेतल्यानंतर सुरू होते. वहिनींनी दुरुस्तीची रक्कम आणि घरातल्या सहा माणसांच्या लाइफ जॅकेटांचे पैसे आधीच बाजूला काढले. उरलेल्या पैशांत जी लहानशी होडी बसली, तीच आमची झाली.