विहिरीवर, विहिरीत

पावसाळ्याच्या तोंडाशी शाळा उघडली की मुलांच्या वह्यांना एक वास यायचा. चुलीचा धूर, चिमणीचं रॉकेल आणि वस्तीवरचा गोठा यांचा मिळून झालेला. नेवासे तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, तेव्हा अशाच एका वहीत सहावीतल्या मुलीनं लिहिलेलं वाक्य वाचलं : 'मदर इज ऑन द वेल.' सवयीनं मी 'ऑन'वर लाल रेघ ओढली, डोक्यावर 'ॲट' लिहिलं, आणि पेन तसंच हातात राहिलं. पोरीचं चुकलं कुठे? आई विहिरीवरच तर गेली होती. विहिरीत गेली असती, तर सारी वस्ती धावली असती.

आपला 'वर' नुसता उंचीचा नाही. जिथं माणूस कामाला जातो, घटकाभर थांबतो, ती जागाही 'वर'च. प्रवरानगरला माणसं कारखान्यात काम करतात आणि कारखान्यावर राहतात. बहात्तरच्या दुष्काळात याच जिल्ह्यातली बायामाणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. इंग्रजांचं 'ऑन' मात्र स्पर्शाला धरून बसतं. छताला उलटी चिकटलेली पालही त्यांच्या लेखी छताच्या 'ऑन'च. आपण 'छतावर' म्हटलं, तर ती गच्चीत ऊन खायला गेली असं वाटेल. आणि 'ॲट'ला ना पृष्ठभाग, ना पोकळी. तो नुसता ठिपका, लांबून पाहिलेला.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आम्ही हे शब्द पाढ्यांसारखे घोकले. क्लॉडिया ब्रुगमन यांनी बर्कलीला १९८१ साली एकट्या 'ओव्हर'वर प्रबंध लिहिला, हे फार उशिरा वाचनात आलं. टेबलावर लोंबणारा दिवा, कुंपणावरून मारलेली उडी आणि संपलेला तास, सगळ्यांना एकच 'ओव्हर'. कारण उडी मारणारा पलीकडे उतरला की ओलांडणंही संपलेलं असतं. देहानं जगलेली जागाच पुढे मनाची भाषा होते, असं जॉर्ज लेकॉफ आणि त्यांच्या वाटेनं गेलेले अभ्यासक मानतात. मला ते पटलं, पण ग्रंथांपेक्षा मुळा धरणाच्या काठी अधिक पटलं. तिथं कुणाची जमीन पाण्याखाली आली, कुणाची पाण्याखाली गेली. 'खाली' तोच, पाणीही तेच. एकाच्या रानात ऊस उभा राहिला आणि दुसऱ्याचं रानच उरलं नाही. ही सगळी कहाणी 'आली' आणि 'गेली' या दोन शब्दांत मावते.

दरवर्षी मुलांना नेवाशाच्या पैस खांबाशी नेत असे. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. 'टेकून' इंग्रजीत कसं म्हणाल, असं विचारलं की कुणी 'टु' म्हणे, कुणी 'ऑन'. मी 'अगेन्स्ट' सांगितलं की मुलं बुचकळ्यात पडत. शत्रूच्या विरुद्ध वापरायचा शब्द ज्ञानदेवांच्या पाठीशी कसा? उत्तर पाठीला ठाऊक असतं. आपण भार टाकतो, दगड तो तेवढ्याच नेटानं परत लोटतो, आणि त्या अडण्यालाच आपण आधार म्हणतो. लेनर्ड टाल्मी यांनी भाषेतल्या अशा लोटण्या-अडण्याचा फार बारकाईनं विचार केला आहे. मराठीनं मात्र एक हळुवार 'ला' जोडून ते भांडणच मिटवलं. उलट त्या 'ला'पुढे खांबालाच थोडं वाकावं लागतं. 'खांब'चा 'खांबा' होतो, तेव्हा कुठे कुणी त्याला टेकू शकतं.

पैस म्हणजे ऐसपैस, मोकळी जागा. दगडाच्या उभ्या खांबाला हे नाव कुणी दिलं असेल, असा विचार करत तिथं बसलो की ती वही आठवते. त्या वाक्याचा अर्धा गुण मी कापला होता. तो परत द्यायचा राहून गेला.